इलेक्ट्रिशियनचं काम शिकायला आर्मीत जाऊ का? जा, पण आधी आयटीआय कर

प्रश्न थोडक्यात असा आहे: दहावी झाली, मैदानाची तयारी चांगली आहे, इलेक्ट्रिशियन व्हायचंय. आयटीआयमध्ये दोन वर्षं घालवण्यापेक्षा थेट आर्मीत भरती झालो तर पगारही सुरू होईल आणि कामही फुकटात शिकायला मिळेल. घरातले मोठेही तेच म्हणतात. हे गणित बरोबर आहे का?

मी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअर्स शाखेच्या खडकीच्या ग्रुपमध्ये, इलेक्ट्रिशियन होतो, नायब सुभेदार होऊन बाहेर पडलो, आणि आता सातारा भागात इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं काम करतो. माझ्याकडे आयटीआय करून आलेली पोरं आहेत आणि फौजेतून आलेलेही आहेत, त्यामुळे दोन्हीकडचं बघून सांगतो. तुझं गणित पूर्वी बरोबर होतं. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून ते बदललं आहे आणि घरातल्यांचा सल्ला त्याच्या आधीचा आहे.

पूर्वी टेक्निकल शिपाई म्हणून भरती झालेला पोरगा किमान पंधरा वर्षं, म्हणजे पेन्शन लागेपर्यंत तरी राहायचाच. पहिली एक-दोन वर्षं ट्रेनिंगमध्ये गेली तरी पुढे भरपूर वेळ असायचा. क्लास फोरपासून क्लास वनपर्यंत एकेक ट्रेड टेस्ट द्यायची, दर पोस्टिंगला नवं यंत्र हाताखाली यायचं, चाळिशीच्या आत बाहेर पडताना माणूस पक्का मिस्त्री झालेला असायचा. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, तिथे घरटी फौजी. त्या गावांतल्या काकालोकांनी हेच पाहिलंय, म्हणून ते तुला हेच सांगणार. ते खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांची नोकरी आणि तुझी नोकरी एक नाही. अग्निपथ योजनेत मुदत चार वर्षांची आहे, ट्रेनिंगही त्यातच धरलेलं आहे, आणि चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलं पुढे कायम होतात. बाकीची तेविसाव्या-पंचविसाव्या वर्षी घरी येतात. तू त्या २५ टक्क्यांत असशील असं धरून आयुष्य आखू नकोस. असलास तर आनंदच आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि भरतीच्या अकॅडमीत ती कोणी सांगत नाही. आपल्याकडे ट्रेड आपण निवडत नाही. यूट्यूबवर तू अमेरिकन आर्मीचे व्हिडिओ पाहिले असशील. तिथे भरतीच्या करारातच काम लिहून मिळतं, ‘१२ आर’ म्हणजे इमारतीतला इलेक्ट्रिशियन असा त्यांच्याकडे वेगळा कोडच आहे. आपल्याकडे तू ‘अग्निवीर टेक्निकल’ म्हणून निवडला जातोस. कुठल्या कोअरमध्ये, म्हणजे शाखेत, आणि कुठल्या ट्रेडमध्ये जायचं हे आर्मी तिच्या गरजेप्रमाणे ठरवते. इलेक्ट्रिशियन व्हायला गेलेला पोरगा रडारचा ऑपरेटर होतो किंवा गाड्यांचा मेकॅनिक होतो, आणि त्यात तक्रारीला जागा नाही. ‘कुठेही पाठवा, जाईन’ असं लिहून देऊनच आपण आत जातो.

आणि एक फसवं नाव आहे, त्यावर दरवर्षी पोरं घसरतात: ‘अग्निवीर ट्रेड्समन’. नावात ट्रेड आहे म्हणून वाटतं इथेच इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर असणार. तसं नाही. ट्रेड्समन म्हणजे मुख्यतः स्वयंपाकी, धोबी, न्हावी, मेस आणि हाऊसकीपिंगची कामं. ती कामं हलकी आहेत असं मी म्हणत नाही. लंगरवाल्याशिवाय पलटण दोन दिवस चालत नाही. पण तुला वायर हातात धरायची असेल तर तो फॉर्म तुझा नाही. नेव्हीतही तेच: दहावीवर ‘एमआर’ची (मॅट्रिक रिक्रूट) भरती निघते, ती शेफ, स्टुअर्ड आणि हायजिनिस्टची असते. इलेक्ट्रिकलचं काम ‘एसएसआर’कडे (सीनियर सेकंडरी रिक्रूट), आणि त्याला साधारणपणे बारावीला गणित-भौतिकशास्त्र लागतं.

मग आर्मीत वीज कोणाच्या हातात असते? मुख्य तीन घरं आहेत. पहिलं इंजिनिअर्स, म्हणजे सॅपर्स. त्यांचे तीन ग्रुप: बेंगळुरूचा मद्रास ग्रुप, रुरकीचा बंगाल ग्रुप आणि आपल्या खडकीचा बॉम्बे ग्रुप. दुसरं ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स), जे आर्मीची सगळी यंत्रं दुरुस्त करतं. त्यांची सेंटर्स सिकंदराबाद आणि भोपाळला आहेत, मोठी स्कूल वडोदऱ्याला. तिसरं सिग्नल्स, ज्यांचं एक ट्रेनिंग सेंटर जबलपूरला आणि एक गोव्यात आहे. तिघांचं काम वेगळं. ईएमईचा इलेक्ट्रिशियन मुख्यतः गाड्या, रणगाडे आणि वर्कशॉपच्या यंत्रांवर असतो. आर्मीच्या मोठ्या गाड्या २४ व्होल्टवर चालतात. स्टार्टर, अल्टरनेटर, बॅटरी आणि हार्नेसमधला फॉल्ट शोधण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. सिग्नल्सवाला आपल्या सेट्सना अखंड सप्लाय देण्याच्या मागे असतो: चार्जिंग, इन्व्हर्टर, छोटे जनरेटर. सॅपर्समध्ये जनरेटर, फील्ड लायटिंग, पाण्याचे पंप, तात्पुरत्या कॅम्पची वायरिंग आणि अर्थिंग.

पण सॅपर आधी लढाऊ शिपाई आणि नंतर कारागीर, हे डोक्यात पक्कं ठेव. आमच्या सेंटरला रिक्रूटला सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचं नाव पहिल्याच आठवड्यात ऐकू येतं. १९४८ साली नौशेरा ते राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्र मिळवलं. कोअरची खरी ओळख ती आहे: सुरुंग, पूल, रस्ता. तू इलेक्ट्रिशियन असलास तरी पूल बांधायच्या वेळी पॅनल खांद्यावर घेणारच, गार्ड ड्युटी करणारच. चार वर्षांतून ट्रेनिंग, रजा, गार्ड, एक्सरसाइज आणि फटीग (अंगमेहनतीची इतर कामं) वजा कर. टेस्टर हातात धरायला किती दिवस उरतात ते तूच बघ.

एवढं ऐकून वाटेल हा माणूस फौजेच्या विरोधात आहे. मुळीच नाही. जे तिथे शिकायला मिळतं ते आयटीआयत कोणी शिकवू शकत नाही, आणि ते काय आहे हे एका उदाहरणाने सांगतो.

डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटर सुरू आहे, इंजिन छान धडधडतंय, पण व्होल्टमीटर शून्यावर. बाहेरचा साधा मिस्त्री काय करतो? एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा भाग) बदलायला सांगतो आणि बिल लावतो. आमच्या उस्तादांची पद्धत अशी की हात मागे बांधून उभं राहायचं आणि दोष कुठे-कुठे असू शकतो ते आधी तोंडी सांगायचं. स्पीड बरोबर आहे का? चार पोलच्या मशीनला ५० हर्ट्झसाठी १५०० आरपीएम लागतात, इंजिन मंद असेल तर पुढचं सगळं फुकट. एव्हीआरचा फ्यूज शाबूत आहे का? फील्डच्या, म्हणजे चुंबकत्व देणाऱ्या गुंडाळीच्या, तारेचं कनेक्शन थरथरून सुटलंय का? मग एव्हीआर बाजूला काढून नुसत्या फिरत्या मशीनच्या टर्मिनलवर किती व्होल्ट येतात ते बघायचे. चांगल्या मशीनमध्ये लोखंडात उरलेल्या चुंबकत्वामुळे थोडे तरी व्होल्ट येतातच. काहीच येत नसतील तर बहुधा मशीन फार दिवस स्टोअरमध्ये पडून तिचं चुंबकत्व गेलेलं आहे. तेव्हा एव्हीआरच्या तारा सोडवलेल्याच ठेवून, प्लस-मायनस नीट पाहून फील्डला क्षणभर बॅटरी दाखवायची. याला ‘फील्ड फ्लॅश करणं’ म्हणतात. मशीन जागी होते आणि एक रुपयाचा पार्ट लागत नाही. (हे वाचून गावातल्या मंडपवाल्याच्या जनरेटरवर प्रयोग करू नकोस. उलटी पोलॅरिटी दिलीस किंवा एव्हीआर जोडलेलाच ठेवलास तर नवा एव्हीआर तुझ्या खिशातून.)

यातली बॅटरीची युक्ती कोणीही एका दिवसात शिकेल. पण दोषाची यादी आधी डोक्यात मांडायची, सोप्यापासून सुरू करायचं आणि प्रत्येक पायरीला मीटरने पुरावा घ्यायचा, ही सवय फौजेत अंगात मुरवली जाते. कारण तिथे पार्ट मागवायला दुकान नसतं. पोस्ट डोंगरावर आहे, बर्फ पडतोय, पुढची गाडी आठ दिवसांनी येणार. जे आहे त्यावरच चालवायचंय.

अर्थिंगचंही तसंच. आपल्याकडे काळ्या मातीत रॉड ठोकला, मीठ-कोळसा टाकला, पाणी ओतलं की काम झालं अशी समजूत आहे, आणि आपली माती दयाळू असल्यामुळे ती खपून जाते. लडाखला जमीन एक तर खडकाळ आणि कोरडी, त्यात हिवाळ्यात गोठलेली. गोठलेलं पाणी करंट जवळजवळ वाहूनच नेत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात चांगलं रीडिंग दिलेलं अर्थिंग जानेवारीत कैक पटीने बिघडतं. मग एका रॉडवर भागत नाही. दोन-चार रॉड समांतर जोडायचे, दोन रॉडमधलं अंतर रॉडच्या लांबीच्या दुप्पट तरी ठेवायचं, नाहीतर ते एकमेकांच्याच क्षेत्रात येतात आणि जास्तीच्या रॉडचा उपयोग होत नाही. जागा शोधताना जिथे थोडा तरी ओलावा टिकतो तिथे जायचं. आणि अर्थ टेस्टर लावून आकडा लिहून ठेवायचा, ऋतू बदलला की पुन्हा घ्यायचा. माझ्याकडच्या आयटीआयच्या पोरांना अर्थिंगची आकृती सुंदर काढता येते. पण ‘आकडा किती आला?’ विचारलं की ती माझ्याकडे बघत राहतात. शिवाय उंचीवर हवा विरळ, त्यामुळे इंजिनची ताकद घटते आणि मशीन थंडही नीट होत नाही. प्लेटवर लिहिलेल्या केव्हीएएवढा लोड तिथे घेता येत नाही. ‘डीरेटिंग’ पुस्तकात वाचणं वेगळं आणि लंगरचा गीझर लावल्यावर सेट बसताना पाहणं वेगळं.

आता काय शिकायला मिळत नाही ते ऐक. छावणीतल्या पक्क्या इमारतींची वायरिंग, सबस्टेशन, रस्त्यावरचे दिवे हे सगळं मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस म्हणजे एमईएस बघतं, आणि तिथे प्रत्यक्ष काम करणारे बहुतेक सिव्हिलियन असतात. फौजीच्या क्वार्टरमधली ट्यूब गेली तर तो एमईएसला तक्रार लिहितो. त्यामुळे सॅपर इलेक्ट्रिशियनला जनरेटरची नस न नस माहीत असते, पण टू बीएचकेचं कन्सील्ड वायरिंग त्याने कधी केलेलं नसतं. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सळईत पाईप आणि फॅनबॉक्स बसवणं, भिंतीत झिरी मारणं, प्लास्टरवाल्याशी भांडून आपले बॉक्स वाचवणं, पॉइंटच्या हिशोबात एस्टिमेट देणं, गिऱ्हाइकाकडून शेवटचे वीस टक्के वसूल करणं. शेवटचं तर कुठल्याच स्कूलमध्ये शिकवत नाहीत. महावितरणची लाईन, डीपी, खांबावरचं काम हेही फौजेत नाही. बाहेर रोजचा धंदा नेमका यातच आहे.

आणि कागद. महाराष्ट्रात दुसऱ्याच्या घरी किंवा कारखान्यात कायदेशीर काम करायचं तर वायरमनचं लायसन लागतं, वर सुपरवायझरचं, आणि स्वतःच्या नावावर कामं घ्यायची तर कॉन्ट्रॅक्टरचं. नव्या कनेक्शनला महावितरण टेस्ट रिपोर्ट मागते, तो लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचाच चालतो. या सगळ्याच्या मुळाशी आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचं एनसीव्हीटी (राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद) प्रमाणपत्र असलं की रस्ता सरळ होतो. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाच्या भरतीलाही तेच मागतात. फौजेच्या ट्रेडला बाहेरचा कुठला ट्रेड समकक्ष आहे याच्या याद्या सरकारकडे आहेत, आणि अनुभवी माणसाला खासगी उमेदवार म्हणून ऑल इंडिया ट्रेड टेस्टला बसायचीही सोय आहे. पण त्यासाठी ट्रेड इलेक्ट्रिशियनच्या जवळचा हवा, आणि तो तुझ्या हातात नाही हे वर सांगितलंच. अग्निवीरला जाताना कौशल्य प्रमाणपत्र मिळतं. ते जवळ असू दे, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नकोस. माजी सैनिकांच्या आरक्षणाचाही हिशोब धरू नकोस. अग्निवीराला चार वर्षांनंतर माजी सैनिकाचा दर्जा मिळेल अशी तरतूद योजनेत ठेवलेली नाही.

म्हणून माझा सल्ला: आधी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घे. दोन वर्षांचा कोर्स आहे. वेळ वाया जाईल ही भीती सोड, वयाचं गणित मांडून बघ. दहावी सोळाव्या वर्षी, आयटीआय अठराव्या वर्षी. अग्निवीरची वयोमर्यादा योजना आली तेव्हा साडेसतरा ते एकवीस ठरली होती (चालू जाहिरातीत स्वतः वाच, कोणाच्या तोंडी ऐकू नकोस). म्हणजे कोर्स संपवून, मधे वर्षभराची अप्रेंटिसशिप करूनही तुला भरतीचे प्रयत्न करता येतात. वर फायदा असा की २०२३ पासून दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना टेक्निकलचा दरवाजा उघडला आहे, आणि मान्य ट्रेडच्या यादीत इलेक्ट्रिशियन आहे. दहावीला ५० टक्के आणि इंग्रजी, गणित, विज्ञानात किमान ४० हवेत. आयटीआयला बोनस गुणही मिळतात. नुसत्या दहावीवर तू टेक्निकलला बसूच शकत नाहीस. मग उरतं जनरल ड्युटी किंवा ते ट्रेड्समन, म्हणजे तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिथेच संपतं.

शिवाय हातात आयटीआय असेल तर ट्रेड कुठलाही मिळो, बाहेर आल्यावर तुझं नुकसान नाही. फौजेने तुला डिझेल मेकॅनिक केलं तर जनरेटरच्या सर्व्हिसिंगमध्ये तुझ्यासारखा माणूस मिळणार नाही. मिस्त्री एक तर इंजिनवाला असतो नाहीतर वीजवाला, दोन्ही जाणणारा विरळा.

घरची गरज पगाराची असेल तर आकडेही बघ. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवानिधीत (शेवटी एकरकमी मिळणाऱ्या फंडात) जातात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. सरकार तेवढेच घालतं आणि शेवटी व्याजासकट ११.७१ लाखांच्या आसपास मिळतात, त्यावर आयकर नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. खाणं, राहणं, कपडे फौजेचे. तेविसाव्या वर्षी हातात अकरा लाख असणारा इलेक्ट्रिशियन मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही, हे मान्य करतो. त्या पैशांत मेगर, अर्थ टेस्टर, चांगलं क्लॅम्प मीटर, क्रिम्पिंग टूल, एक सेकंडहँड टेम्पो आणि वर्षभराचं खेळतं भांडवल सहज निघतं. पण हातात लायसन नसेल तर हेच पैसे बहिणीचं लग्न आणि बुलेटमध्ये जातात. तेही पाहिलंय.

वर्दी नको पण फौजेच्या यंत्रांवर शिकायचंय, असाही रस्ता आहे आणि तो फार कमी पोरांना माहीत असतो. आयटीआयनंतर खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी अप्रेंटिस घेतात. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डची अप्रेंटिस स्कूल तर जुनी आणि नावाजलेली आहे. तिथे जहाजावरची वीज बघायला मिळते, आणि ते इलेक्ट्रिशियनसाठी खरोखर उच्च शिक्षण आहे. एमईएसमध्ये ‘मेट’, म्हणजे कारागिराचा मदतनीस, म्हणून सिव्हिलियन भरती निघते, तिथे मात्र इमारतींचं आणि सबस्टेशनचं काम रोज हाताखालून जातं. आणि पुढे बारावी सायन्स करायची तयारी असेल तर नेव्हीचा विचार कर. जामनगरच्या आयएनएस वलसुरावर नेव्हीचं सगळं इलेक्ट्रिकल ट्रेनिंग होतं. निव्वळ विजेचं शिक्षण म्हणून बघितलं तर तिन्ही दलांत मी नेव्हीला पहिला नंबर देईन. सॅपर असून हे लिहितोय, माझे जुने दोस्त वाचतील तर शिव्या घालतील.

भरती झालासच तर आत गेल्यावर दोन कामं विसरू नकोस. जो कोर्स करशील, जी क्लास टेस्ट पास होशील, ती पार्ट टू ऑर्डरमध्ये (नोकरीच्या नोंदींच्या अधिकृत आदेशात) आली का ते क्लार्ककडे जाऊन स्वतः बघ. ऑर्डरमध्ये नाही ते कागदावर झालंच नाही असं धरतात, आणि डिस्चार्जच्या आधी महिनाभर धावाधाव करून ते मिळत नाही. दुसरं, एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) बारावीची सोय केलेली आहे, ती पूर्ण कर. पुढे सुपरवायझरच्या रस्त्याला डिप्लोमा करावासा वाटला तर उपयोगी पडेल.

आणि आयटीआयचा फॉर्म भरायच्याही आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रंगांची तपासणी करून घे, ठिपक्यांमधले आकडे वाचायला लावतात ती. लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर फौजेच्या मेडिकलला अडचण येईल, आणि आपल्या धंद्यातही फेज, न्यूट्रल, अर्थ रंगावरूनच ओळखायचे असतात. पुष्कळ पोरांना हे रॅलीच्या मैदानावर, १.६ किलोमीटरची धाव पहिल्या नंबरात काढल्यानंतर, मेडिकलच्या टेबलावर पहिल्यांदा कळतं. तपासणीला दहा मिनिटं लागतात, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचार.